प्रोजेक्टसाठी माहिती: स्वतः गोळा केलेली आणि आयती मिळालेली

प्रोजेक्ट आला की मुलं मोबाइल उघडतात, चार परिच्छेद उतरवतात, फाइल तयार! पण तोंडी परीक्षेत "ही माहिती कुठून आणली?" असं विचारलं की गप्प. म्हणून आम्ही वर्गात आधी दोन शब्द समजावतो: प्राथमिक संशोधन आणि दुय्यम संशोधन.

उदाहरण आपल्या मोरा बंदराचंच घेऊ. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं आणि उरणपर्यंतच्या रेल्वेचं उद्घाटन झालं. मग मोरा-भाऊचा धक्का लाँचचे प्रवासी कमी झाले का?

प्राथमिक संशोधन म्हणजे माहिती स्वतः गोळा करणं. जेट्टीवर उभं राहून प्रवासी मोजा, सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारा, खलाशांशी बोला. एका दिवसाच्या मोजणीवर भागत नाही. गाळामुळे ओहोटीला लाँचची अडचण होते, म्हणून भरती-ओहोटी, सुट्टीचा आणि कामाचा दिवस, सगळं बघा. आधी परवानगी घ्या, कुणाचं नाव छापू नका. कुणी उर्दूत किंवा आगरीत बोललं, तर त्यांचे शब्द तसेच लिहा.

दुय्यम संशोधन म्हणजे दुसऱ्यांनी गोळा केलेली माहिती तपासून वापरणं: मेरिटाइम बोर्डाचे आकडे, २०११ ची जनगणना, वर्तमानपत्रं, जुनी गॅझेटियर. इथेही डोळे उघडे हवेत. उरण आज रायगड जिल्ह्यात आहे, पण जुनी माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये सापडते! जिल्ह्यांच्या हद्दी बदलत गेल्या. म्हणून स्रोताचं नाव आणि वर्ष लिहायचंच.

दोन्ही का लागतात? आज जेट्टीवर कितीही मोजलं तरी २०२३ मध्ये किती लोक होते ते कळणार नाही. त्याला जुने आकडे हवेत. शाळेचं पत्र घेऊन मागा, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज करा. उलट, टोपली घेतलेली मावशी अजून लाँचनेच का जाते, हे आकडे सांगत नाहीत. ते तिलाच विचारावं लागतं.

एक बारकावा: बातमी नेहमीच दुय्यम नसते. 'वर्तमानपत्रांनी सेतूबद्दल काय लिहिलं?' हाच प्रश्न असेल, तर तीच बातमी प्राथमिक स्रोत ठरते.

पालकांनी फाइल बघताना दोनच गोष्टी विचाराव्यात: यात तू स्वतः काय पाहिलंस? आणि बाकीचं कुणी, कधी लिहिलं? मोबाइलने सांगितलं, हे उत्तर चालणार नाही. आणि घरातल्या दादी-नानींनी पूर्वी लाँचने प्रवास केला असेल, तर पहिली मुलाखत त्यांचीच घ्या. त्यांच्या आठवणी कुठल्याच वेबसाइटवर नाहीत.