वसईतला करार, वऱ्हाडची सीमा

वसईचा किल्ला पाहायला आलेली माणसं बहुधा तटावर चढतात, खाडी बघतात आणि परततात. पाहण्यासारखं खरं ते तटाच्या आत आहे. तिथं एक अख्खं शहर आहे, मोडकं असलं तरी रस्ते, चौक, मठ, वाडे सगळं ओळखू येणारं.

गुजरातच्या बहादूरशहानं मोगलांच्या धाकापायी 23 डिसेंबर 1534 रोजी वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. पुढं दोनशे वर्षं त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चा कारभार इथून चालला. साष्टी, ठाणे, चौल, दमण हा सगळा मुलूख वसईच्या हुकमतीत होता. दहा बुरुजांच्या तटाच्या आत राहण्याचा मान मात्र मुख्यतः पोर्तुगीज सरदार, अधिकारी आणि पाद्री यांचाच.

खुष्कीच्या दरवाजानं शिरून बंदराच्या दरवाजापर्यंत पायी जावं, म्हणजे शहराची मांडणी ध्यानात येते. मधोमध बालेकिल्ला, त्याच्या दारावर क्रूस आणि पोर्तुगालची राजचिन्हं कोरलेली आहेत. जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, ज्याचा त्याचा मठ वेगळा आणि भोवतालचा परिसरही वेगळा. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये थडग्यांच्या शिळा फरशीसारख्या जमिनीत बसवल्या आहेत. पावसानं अक्षरं झिजलीत, तरी घराण्यांच्या ढाली बोटानं चाचपता येतात. वर छप्पर नाही, भिंतींतून झाडं उगवलेली. गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा दर्शनी भाग ज्या काळ्या दगडाचा आहे, तोही वसईकडूनच गेला. जपानात नागासाकीला 1597 मध्ये क्रुसावर चढवलेले संत गोन्सालो गार्सिया इथलेच.

1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वेढा घातला. दलदल, उधाण आणि तोफांचा मारा सोसत मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरले आणि सेबॅस्टियन बुरुजाला भगदाड पाडलं. मे महिन्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. त्यांना सन्मानानं, शस्त्रांसह जाऊ दिलं, ही गोष्ट शौर्याइतकीच आवर्जून सांगायला हवी. चर्चच्या घंटा मात्र देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत.

वऱ्हाडच्या वाचकानं या शहराची ओळख ठेवावी, त्याचं कारण याच्यापुढचं आहे. यशवंतराव होळकरांनी पुणे घेतल्यावर दुसरे बाजीराव पळाले आणि इंग्रजांच्या आसऱ्याला वसईत आले. 31 डिसेंबर 1802 रोजी तिथं तह झाला. इंग्रजांची सहा हजारांची फौज पदरी घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असं पेशव्यांनी कबूल केलं. शिंदे आणि नागपूरचे भोसले यांना हे मानवणं शक्यच नव्हतं. युद्ध पेटलं आणि त्याची झळ थेट वऱ्हाडाला लागली. 29 नोव्हेंबर 1803 ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर भोसल्यांचा पराभव झाला. 15 डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह.

तोपर्यंत वऱ्हाडात दोअमली होती. भोसले आणि निजाम असे दोघांचे वसुलीदार रयतेच्या दारी येत. देवगावनंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाचा झाला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडं राहिले. वऱ्हाडातलं धामणगाव वर्धा नदीच्या अलीकडं, म्हणजे निजामाच्या बाजूला. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवलं आणि 1867 पर्यंत रेल्वे ही नदी ओलांडून नागपूरला पोचली.

धामणगावहून मुंबईची गाडी धरणाऱ्यानं कल्याणला उतरून दिव्यामार्गे वसई रोड गाठावं. स्टेशनपासून किल्ला दूर आहे, रिक्षा करावी लागते. सकाळी लवकर गेलेलं बरं, आणि चपला दणकट हव्यात. आतल्या वाटा गवतात हरवलेल्या असतात.