मिटत्या यादीचं कूळ

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणक परिषदेत संशोधक डग्लस एंगेलबार्टने सुमारे हजार तज्ज्ञांसमोर चक्क बाजाराची यादी केली. केळी, सूप, कागदी रुमाल, असं घरी जाताना घ्यायचं सामान. मग त्याने वर्गवारी केली, फळं-भाजी एका मथळ्याखाली सरकवली आणि आतल्या वस्तू मिटवून पडद्यावर नुसते मथळे ठेवले. पुन्हा हुकूम सोडला, वस्तू परत हजर. दीड तासाच्या त्या प्रात्यक्षिकातला माऊस तेवढा जगाच्या लक्षात राहिला. मला हा जरा अन्यायच वाटतो. फोनवर आज माऊस लागतही नाही, पण मुद्दा मिटवून त्याच्या पोटातलं झाकून ठेवायची युक्ती टिपणांच्या बऱ्याच अ‍ॅपांत जशीच्या तशी आहे.

एंगेलबार्टला ही युक्ती कागदावर काम करता करता सुचलेली असावी. माणसाची बुद्धी यंत्राच्या मदतीने कशी वाढवता येईल, यावर त्याने १९६२ साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत असताना मोठा अहवाल लिहिला. त्यात स्वतःच्या टिपणांची पद्धतही सांगितली आहे. कडेने भोकं असलेली कार्डं घ्यायची, विषयाप्रमाणे ठरावीक भोक कापून खाच करायची. गठ्ठ्यातून सुई ओवून उचलली की खाचेची कार्डं खाली गळून पडतात, म्हणजे त्या विषयाची टिपणं हातात. शोध लागतो, पण विचारांचा क्रम बदलायचा झाला की पुन्हा लिहीत बसा. त्याच्या संगणक प्रणालीत प्रत्येक विधानाला १, १अ, १अ१ असे क्रमांक मिळत, सरकारी परिपत्रकातल्या कलम-पोटकलमांसारखे. किती पायऱ्या खोल दाखवायचं, प्रत्येक विधानाची पहिलीच ओळ दाखवायची का, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. अडचण एकच होती. हे सगळं मेन्लो पार्कच्या एका खोलीभर यंत्रावर चालायचं आणि सभागृहातला पडदा त्याला सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जोडावा लागला होता.

घरगुती संगणकावर हे मिटत्या याद्यांच्या प्रोग्रॅमांचं, म्हणजे आउटलायनरांचं, वाण आणलं डेव्ह वाइनर या प्रोग्रॅमरने. त्याचं थिंकटँक १९८३ मध्ये अ‍ॅपल टू वर आलं, पाठोपाठ आयबीएम पीसी आणि मॅकिंटॉशवर. १९८६ मध्ये त्याच्या कंपनीने मॅकसाठी मोअर काढलं. त्यात मुद्द्यांच्या यादीतून थेट भाषणाच्या पाट्या तयार होत. पॉवरपॉइंट बाजारात आलं त्याच्या पुढच्या वर्षी. १९८७ मध्येच कंपनी सिमँटेककडे गेली आणि मोअर हळूहळू मागे पडलं. तरी भक्त ते सोडीनात. पण इंटेलच्या चिपचे मॅक आले तशी जुने प्रोग्रॅम चालवायची सोय गेली, आणि वर्षानुवर्षांच्या टिपणांना घर उरलं नाही. विंडोजवर एको प्रोचंही तेच झालं. १९९७ मध्ये त्याचा विकास थांबला, आणि लोक पुढे कित्येक वर्षं जपून जपून तेच वापरत राहिले, कारण बाहेर पडायची वाट सोपी नव्हती.

बाहेर पडायची वाट त्याच वाइनरने २००० मध्ये काढली. ओपीएमएल हे तिचं नाव. ही फाईल साध्या संपादकात उघडून बघण्यासारखी आहे. 'आउटलाइन' नावाच्या खुणेच्या पोटात दुसरी आउटलाइन, तिच्या पोटात तिसरी. प्रत्येकीला 'टेक्स्ट' नावाचा एकच सक्तीचा गुणधर्म, बाकी ज्याचं त्याने ठरवावं. पॉडकास्टची यादी एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात नेतो तेव्हा बहुधा हीच फाईल कामाला येते. दुसरी वाट अ‍ॅमस्टरडॅमच्या कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने धरली. २००३ पासून त्याने ईमॅक्स संपादकासाठी ऑर्ग मोड लिहिलं. मथळ्याआधी एक तारा म्हणजे पहिली पायरी, दोन तारे म्हणजे दुसरी. उद्या ईमॅक्स नसलं तरी फाईल कुठेही वाचता येते. दिसायला रूक्ष आहे, पण मला ही वाट जास्त पटते.

आता विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या सगळ्यांवर चालणारं काही निवडायचं, तर हे कूळ उपयोगी पडतं. ऑम्निआउटलायनर देखणं आहे, पण अ‍ॅपलच्या उंबरठ्याबाहेर पडत नाही. २०१० चं वर्कफ्लोई ब्राउझरमधून सगळीकडे चालतं, पण टिपणं त्यांच्या सर्व्हरवर राहतात. ओपीएमएलमध्ये उतरवता येतात, हे बरं. ऑब्सिडियन साध्या मजकुराच्या फाईली तुमच्याच डिस्कवर ठेवतं. अस्सल आउटलायनर ते नव्हे, पण याद्या मिटवता येतात. जाहिरातीतलं 'निर्यात करता येतं' हे वाक्य मात्र ताडून पाहावं. मुद्द्याखालची टीप ओपीएमएलमध्ये कुठे ठेवायची याचा नियम नसल्याने प्रत्येक अ‍ॅप आपला वेगळा गुणधर्म जोडतं. दुसऱ्या अ‍ॅपने तो ओळखला तर ठीक, नाही तर टीप गळते. आतले दुवे आणि चित्रं तर बहुतेकदा मागेच राहतात. पोटमुद्दे, टीप, एक दुवा अशी दहा ओळींची यादी करावी, बाहेर काढावी, दुसरीकडे घालून बघावी. फुकट वापराच्या मुदतीत एवढं सहज होतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोड नव्हे. तो आधी परिवर्तकातून काढल्याशिवाय नव्या अ‍ॅपात टाकला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दुसरी गोष्ट अवघड, कारण ती दिसतच नाही. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. फोनच्या कळफलकाने एक प्रकार टंकला आणि लॅपटॉपच्या कळफलकाने दुसरा, तर फोनवर केलेलं 'सुट्टीतल्या दऱ्या' हे टिपण लॅपटॉपवर शोधून सापडत नाही आणि माणूस सिंक बिघडलं म्हणून अ‍ॅपला बोल लावत बसतो. काही अ‍ॅपांचा शोध हे दोन्ही प्रकार एकच धरतो, काहींचा नाही. दोन ओळी दोन्ही तऱ्हांनी टंकून एकदा शोधून पाहिलं की कळतं.