पोरांच्या सह्यांवर उभा राहिलेला संघ

आईस हॉकीशी माझा दुरूनही संबंध नाही. टोरंटो मार्लबरोज या नावापर्यंत मला खेळाने नव्हे, कायद्याने नेले. अज्ञान मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक ठरतो का, या प्रश्नावर वाचताना कॅनडातला एक खटला पुन्हा पुन्हा समोर येत होता. वादी हॉकी संघ, प्रतिवादी त्याच संघातून खेळलेला एक मुलगा. तो संघ आता उरलेला नाही, पण खटला अजून वाचला जातो.

मार्लबरोज क्लब निघाला १९०३ साली. इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ मार्लबरो या सरदार घराण्यावरून नाव घेतलेले, म्हणून संघाला ‘ड्यूक्स’ही म्हणत. वर्षभरात ज्युनियर संघ उभा राहिला. ज्युनियर म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून या वयोगटासाठी मेमोरियल कप खेळवला जातो. मार्लबरोजनी तो सात वेळा जिंकला: १९२९, १९५५, १९५६, १९६४, १९६७, १९७३ आणि १९७५. इतक्या वेळा तो दुसऱ्या कुठल्याही संघाला जिंकता आलेला नाही.

पण हे यश आले कुठून? १९२७ नंतर हा संघ टोरंटोच्या व्यावसायिक मेपल लीफ्सशी जोडला गेला. त्या काळी नॅशनल हॉकी लीगचे मोठे क्लब ज्युनियर संघ पोसत आणि त्यातली मुले राखून ठेवत. ‘सी फॉर्म’ नावाच्या कागदावर एकदा सही झाली की तो मुलगा त्या क्लबचा. पुढे व्यावसायिक खेळायचे तर त्याच क्लबकडे, नाहीतर कुठेच नाही. बॉबी ऑर हा पुढे जगातला सर्वोत्तम बचावपटू मानला गेलेला मुलगा १४ वर्षांचा असताना बोस्टन ब्रुइन्सला असाच बांधला गेला होता. घरोघरी आईबाप अभिमानाने सही करत. पोरगा मोठा खेळाडू होणार, याहून जास्त त्या कागदात त्यांना काही दिसत नव्हते.

टोरंटोत या राखणीची एक गंमतशीर, म्हटले तर कडवट, वाटणी होती. मेपल लीफ्सला रसद पुरवणारे ज्युनियर संघ दोन. कॅथॉलिक मुले सेंट मायकल्स कॉलेजकडे जात, प्रोटेस्टंट मुले मार्लबरोजकडे. फ्रँक महोव्लिच आणि डेव्ह किऑन पहिल्या दारातून आले, बॉब पुलफर्ड आणि बॉब बाऊन दुसऱ्या. वर पोचल्यावर सगळ्यांच्या अंगावर निळी जर्सी एकच. १९६१ मध्ये मेमोरियल कप जिंकूनही सेंट मायकल्सने त्या पातळीवरचा संघ बंद केला, कारण लांबलचक हंगामात मुलांचा अभ्यास बुडतो असे शाळेचे म्हणणे होते. मार्लबरोजपुढे असा प्रश्न नव्हता. ती शाळा नव्हती.

रविवारी दुपारी मेपल लीफ गार्डन्समध्ये या पोरांचे सामने होत. १९७०च्या दशकात जॉर्ज आर्मस्ट्राँग प्रशिक्षक होते. त्यांची आई ओजिब्वे या आदिवासी समाजाची. ते स्वतः अनेक वर्षे मेपल लीफ्सचे कर्णधार होते आणि त्यांच्या हाताखाली मार्लबरोजनी १९७३ व १९७५ चे कप जिंकले.

तोवर जमीन सरकली होती. क्लबांनी मुले बांधून ठेवण्याची जुनी पद्धत १९६०च्या दशकात मोडीत निघाली आणि तिच्या जागी खेळाडू निवडीचा ड्राफ्ट आला. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली. तिला वयाची पर्वा नव्हती. १९७३ चा कप जिंकलेल्या संघातले मार्क आणि मार्टी हाऊ हे भाऊ त्याच वर्षी ह्यूस्टन एरोजकडे गेले, सोबत त्यांचे प्रख्यात वडील गॉर्डी हाऊ. हातचे खेळाडू असे निसटू लागल्यावर ज्युनियर क्लबांनी नवा करार पुढे केला.

याच करारावर मिल्टन गावच्या जॉन टोनेलीने अठरा पूर्ण होण्याआधी सही केली. तीन वर्षे मार्लबरोजकडेच खेळायचे, चौथ्या वर्षाचा पर्याय क्लबच्या हाती. आणि व्यावसायिक झाल्यावर पहिल्या तीन वर्षांच्या कमाईतला २० टक्के हिस्सा क्लबला द्यायचा. वरच्या दर्जाचे ज्युनियर हॉकी खेळायचे तर सही करण्यावाचून मार्ग नव्हता. ओंटारिओत सज्ञानतेचे वय १९७१ मध्ये २१ वरून १८ वर आले होते. मार्च १९७५ मध्ये टोनेली अठरा वर्षांचा झाला, करार मानत नाही असे त्याने कळवले आणि तोही ह्यूस्टनला गेला. क्लबने नुकसानभरपाईचा दावा ठोकला.

आपल्याकडे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरवला, त्यामुळे असा दावा फार पुढे गेला नसता. ओंटारिओत वेगळी कसोटी होती. नोकरीचा करार मुलाच्या हिताचा असेल तर तो त्याला बांधतो. क्लबचा युक्तिवाद वरवर पटण्याजोगाच होता: उत्तम प्रशिक्षण दिले, उत्तम मैदान दिले, म्हणून तर ह्यूस्टनने त्याला घेतले. पण १९७९ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की हा करार मुलाच्या हिताचा नव्हता. मला हा निकाल बरोबर वाटतो. प्रशिक्षण मिळाले हे खरे, पण त्याचा मोबदला पोरगा बर्फावर घाम गाळून फेडतच होता. तिकिटे त्याच्या खेळावर विकली जात होती. त्यावर पुन्हा भविष्यातल्या कमाईचा पाचवा हिस्सा मागणे ही सावकारी झाली.

टोनेली पुढे न्यूयॉर्क आयलँडर्सकडून १९८० ते १९८३ सलग चार स्टॅन्ली कप जिंकला.

हॅरल्ड बॅलार्ड या मालकाने १९८९ मध्ये संघ हॅमिल्टनला विकला. तिथे तो ‘ड्यूक्स ऑफ हॅमिल्टन’ झाला आणि १९९१ मध्ये गेल्फ शहरात जाऊन ‘गेल्फ स्टॉर्म’. मार्लबरोज हे नाव टोरंटोतल्या लहान मुलांच्या संघांकडे राहिले. ज्युनियर खेळाडू हे विद्यार्थी की कामगार, हा वाद मात्र मिटला नाही. २०१४ मध्ये कॅनडातल्या ज्युनियर खेळाडूंच्या वतीने किमान वेतनासाठी सामूहिक दावा दाखल झाला.