थंड चहाचा शोध खरोखर १९०४ साली लागला का?

१/ वैशाखातले माणगाव. दुपारच्या उकाड्यात कोकम सरबताच्या जोडीला एखाद्या घरी लिंबू पिळलेला, बिनदुधाचा थंड चहाही निघतो. हे पेय १९०४ साली अमेरिकेत जन्मले, असे सर्रास सांगितले जाते. ही कथा अर्धीच खरी आहे.

२/ कथा अशी : सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन भारतीय चहाचा प्रचार करीत होते. कडक उन्हात गरम चहाकडे कोणी फिरकेना, म्हणून त्यांनी तो बर्फावर ओतला आणि गर्दी लोटली.

३/ परंतु ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ या १८७९ च्या पाककृतींच्या पुस्तकात थंड चहाची कृती आधीच छापलेली आहे. ब्लेचिंडेन यांच्याकडे श्रेय जाते ते प्रसाराचे, शोधाचे नव्हे.

४/ लिंबू तर त्याहूनही जुने. १६८९ साली सुरतेच्या प्रवासास निघालेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन लिहितो की, येथील लोक खडीसाखर घालून चहा घेतात आणि चोखंदळ मंडळी मुरवलेली लिंबे घालतात. दुखण्यावर मसाला घालून उकळलेला चहाही त्याने नोंदवला आहे. तेव्हा आसामात एकही मळा नव्हता.

५/ उरला बर्फ. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास आला आणि पुढच्याच वर्षी मुंबईस. तो साठवण्यासाठी मुंबईत बर्फघर उभे राहिले. अर्थात, ही चैन मोजक्या धनिकांची होती.

६/ सेंट लुईसच्या पेल्यामागे आणखी एक इतिहास होता. आसामच्या मळ्यांत दूरदूरच्या प्रांतांतून करारावर मजूर आणले जात. करार मोडणाऱ्या मजुरास तुरुंगात धाडण्याची सोय १८५९ च्या कायद्यात होती. पेला पुढे करणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. पाने खुडणाऱ्या हातांची नावे राहिली नाहीत.

७/ १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आले. पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे होऊ लागले. हा चहा झटपट कडक उतरतो आणि दुधाला पेलतो. पुढे घरोघरी हाच चहा रुळला. अख्ख्या पानाची चव बहुतेकांना अनोळखी राहिली.

८/ थंड चहाला मात्र हेच सुटे, अख्खे पान शोभते. एक लिटर गार पाण्यात दोन-तीन चमचे पान घालून फ्रीजमध्ये सहा ते आठ तास ठेवावे आणि गाळावे. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो. कडक गरम चहा गार केला तर तो कधी कधी गढूळ दिसतो. तो बिघडलेला नसतो, त्यातील द्रव्ये थंडीने एकत्र येतात. लिंबू पिळताच रंग उजळतो, तो आम्लामुळे.

९/ पहिला घोट साखरेविना घ्यावा आणि जिभेवर क्षणभर रेंगाळू द्यावा. दूध नसल्याने पानाचा गुणदोष लपत नाही. माणगावच्या त्या पेल्यात चीनचे रोप, सुरतेचे लिंबू, बोस्टनच्या व्यापाऱ्याचा बर्फ आणि आसामच्या मजुराचे श्रम एकत्र आले आहेत. त्याचे श्रेय कोण्या एकाच्या नावे लिहिता येत नाही.