कपाटातले टॅब्लेट आणि नखाएवढं कार्ड

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा बातमीच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, उगाच गुरुजी अडचणीत यायचे. गुरुजींनी लोखंडी कपाट उघडून दाखवलं. खालच्या कप्प्यात नऊ टॅब्लेट, एकावर एक रचलेले. लोकवर्गणीतून घेतलेले. एक चालू केला. कंपनीचा लोगो आला आणि तिथेच थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, लोगो काही जाईना.

"बॅटरी चांगली आहे, स्क्रीन चांगली आहे," गुरुजी म्हणाले. "आतलं सॉफ्टवेअर बसलंय, भाऊ."

"मग नवीन टाका की."

"टाकायला फाइल पाहिजे ना! ती कंपनीकडे. आणि कंपनी कुठंय?"

घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. कारण हीच गोष्ट महाराष्ट्रात निदान दोनदा नीट सोडवून झालेली आहे. आपण विसरलो.

आधी थोडं समजून घेऊ. गुरुजी ज्या फाइलबद्दल बोलत होते तिला 'इमेज' म्हणतात. इमेज म्हणजे फोटो नव्हे. यंत्राच्या मेमरीत जे जसं असायला हवं, अगदी पहिल्या बाइटपासून, त्याची हुबेहूब प्रत. बऱ्याच यंत्रांत नुसत्या फाइली कॉपी-पेस्ट करून भागत नाही. यंत्र चालू झालं की ते फाइलचं नाव शोधत बसत नाही, मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी काय लिहिलंय ते आधी वाचतं. तिथे सुरुवातीचा प्रोग्रॅम नसेल तर बाकी सगळं असून उपयोग शून्य. निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांना एका वाक्यात कळेल. खुंट डॉगरिजचा, वर काडी थॉम्पसनची. यंत्र हा खुंट, इमेज ही काडी. खुंट जिवंत असेल तर बागायतदार वरची जात बदलतो, खुंट उपटून फेकत नाही.

ही काडी भरायची लिनक्समधली जुनी आज्ञा म्हणजे 'डीडी'. (दूरदर्शन नव्हे.) १९७० च्या दशकापासून युनिक्समध्ये आहे. कुठून वाचायचं, कुठे लिहायचं, एवढं सांगितलं की निमूट कामाला लागते. "नक्की का?" असं विचारतसुद्धा नाही. मी एकदा 'एसडीबी'च्या जागी 'एसडीसी' लिहिलं आणि २०१५ च्या सिंहस्थातले माझे सगळे फोटो ज्या डिस्कवर होते तिच्यावरच लिनक्स लिहून बसलो. बायको अजून त्यावरून टोमणे मारते. असो.

आता पहिली गोष्ट. २००७. रायगड जिल्ह्यातला खैराट धनगरवाडा. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची मिळून वीसेक मुलं. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपोंटे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी मोहीम काढली होती, तिचा भारतातला पहिला प्रयोग या वाडीत झाला. त्याआधी २००६ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना साफ नाकारली होती. इतका पैसा यात घालण्यापेक्षा शाळा आणि शिक्षक आधी हवेत, असा त्यांचा सूर. मला तो आजही फारसा चुकीचा वाटत नाही.

पण तो हिरवा-पांढरा लॅपटॉप बनवणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार फार नीट केला होता. आत हार्ड डिस्क नाही, फक्त १ जीबी फ्लॅश मेमरी. त्यावर फेडोरा लिनक्सवर बेतलेली प्रणाली. ती बिघडली तर? पेनड्राइव्हवर दोन फाइली घ्यायच्या, पेनड्राइव्ह लावायचा, स्क्रीनच्या बाजूची खेळाची चार बटणं दाबून धरायची आणि लॅपटॉप चालू करायचा. पडद्यावर रंगीत चौकोनांची जाळी भरत जायची. जाळी भरली की मशीन नवं. इंजिनिअर नको, इंटरनेट नको. शिक्षक करू शकतो, चौथीतलं पोरगंसुद्धा करू शकतं.

एक मेख होती. लॅपटॉप फक्त सही-शिक्क्याच्या, म्हणजे संस्थेने डिजिटल सही केलेल्या इमेजच घ्यायचा. चोरी झाली तर उपयोग होऊ नये म्हणून. मात्र स्वतःची इमेज टाकायची असेल तर त्यासाठीची किल्ली संस्थेकडे मागता यायची, फुकट. कुलूप होतं, पण किल्ली कुठे मिळते ते लिहिलेलं होतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट बहुतेकांना अर्धीच आठवत असेल. 'आकाश' टॅब्लेट. ऑक्टोबर २०११ मध्ये कपिल सिब्बल यांनी दिल्लीत मोठा गाजावाजा करून आणला. जगातला सगळ्यात स्वस्त वगैरे. पहिला आकाश रडतखडत चालायचा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम, दुसरं काय होणार! मग प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला, प्रा. दीपक फाटक आणि सहकाऱ्यांकडे. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला. १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४. सरकारला एक टॅब्लेट २,२६३ रुपयांना पडत होता आणि मागणी एक लाख नगांची होती.

आपण पत्रकारांनी तेव्हा काय छापलं? किती आले, किती उशिरा आले, कंत्राटदार काय म्हणाला, मंत्री काय म्हणाले. मीही तेच केलं.

पवईत त्याच सुमारास चाललेल्या एका कामाची बातमी मी तरी केली नाही. आयआयटीतल्या चमूने आकाश-२ वर पूर्ण लिनक्स चालवून दाखवलं, तेही आतल्या अँड्रॉइडला हात न लावता. आकाश-२ मध्ये ऑलविनर कंपनीची ए१३ ही चिप होती. या चिपची एक सवय आहे. वीज मिळाली की ती आतल्या मेमरीआधी मायक्रोएसडी कार्डकडे बघते. कार्डच्या सुरुवातीपासून बरोबर ८ केबी पुढे जाऊन तिथे आपल्या ओळखीचा प्रोग्रॅम आहे का, ते तपासते. असेल तर कार्डवरून सुरू होते, नसेल तर आतून. म्हणजे इमेज कार्डवर लिहा, कार्ड खोचा, बटण दाबा. समोर टॅब्लेट नव्हे, अख्खा लिनक्सचा संगणक. कार्ड काढा, पुन्हा आपला आकाश. कृती आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला होता.

याचा अर्थ काय, ते त्या कपाटासमोर उभं राहून माझ्या लक्षात आलं. आतली प्रणाली बसली, कंपनी गेली, तरी नखाएवढ्या कार्डावर तो टॅब्लेट जगू शकत होता. आकाशची योजना पुढे कागदावरच विरत गेली. हे शहाणपणही तिच्याबरोबर गेलं, कारण पुढच्या खरेदीच्या कुठल्या अटींत ते उतरलंच नाही. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात गावोगाव डिजिटल शाळांची लाट आली. गावकऱ्यांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली. टॅब्लेट, प्रोजेक्टर, अँड्रॉइड बॉक्स आले. "याची इमेज फाइल आम्हाला द्या" असं किती शाळांनी लिहून घेतलं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानेही नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिकडे इंग्लंडमध्ये २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरचं रास्पबेरी पाय बाजारात आलं. त्यात साठवणुकीची सोय मुळातच दिली नाही. सगळं काही कार्डावर. कार्ड खराब झालं, दुसरं लिहा. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं आज प्रोजेक्ट करतात ती यावरच. इमेज लिहायला आता बटणं दाबायची सोपी ॲप आहेत, डीडीसारखा माझा घात करणारी नाहीत.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण २०२७ चा सिंहस्थ.

२००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली. ३९ माणसं गेली. त्या गल्लीतून आजही जाताना माझे पाय आपोआप भरभर पडतात. २०१५ ला कॅमेरे आले. नाशिकच्याच मुलांनी पायाखालून गेलेली माणसं मोजणाऱ्या 'आशिओतो' चटया केल्या, त्याचं कौतुक सगळीकडे झालं. आता २०२७ साठी रामकुंड, तपोवन, त्र्यंबकला यंत्रं त्याहून जास्त लागणार. आणि आजच्या बहुतेक आयपी कॅमेऱ्यांच्या पोटात काय असतं? एक छोटं लिनक्स, फ्लॅश मेमरीवर लिहिलेलं. गुरुजींच्या टॅब्लेटसारखंच.

२०१६ साली 'मिराय' नावाच्या व्हायरसने जगभरातले असे कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातल्याच ठरावीक पासवर्डांनी उघडले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या ट्विटर-नेटफ्लिक्सपर्यंतच्या साइट कोलमडवल्या. एका चिनी कंपनीला तिथला आपला काही माल परत मागवावा लागला. माल परत मागवणं ही त्यातल्या त्यात बरी वेळ. पर्वणीच्या पहाटे चार वाजता घाटावरचा कॅमेरा लोगोवर अडकला तर परत कुणाला पाठवणार? कंट्रोल रूममधल्या माणसाकडे इमेज लिहिलेलं कार्ड किंवा पेनड्राइव्ह हवा, सोबत ती टाकायची किल्ली हवी आणि हे काम आधी एकदा हाताने केलेलं हवं.

लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएल, यात आपल्या बाजूचा आहे. ज्याला यंत्र विकलं त्याने मागितलं तर कर्नलचा सोर्स कोड द्यावा लागतो. पण किल्लीचं तसं नाही. ती करारात लिहून घेतली तरच मिळते.

म्हणून माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारतोय. सिंहस्थासाठी घेतल्या जाणाऱ्या कॅमेरे-सेन्सरच्या करारात सिस्टिम इमेज आणि किल्ल्या खरेदीदाराच्या ताब्यात देण्याची अट आहे का? ठेकेदार मध्येच गेला तर इमेज कोण लिहिणार? आणि मेळा संपल्यावर ही यंत्रं कुणाकडे, कुठल्या अवस्थेत जाणार? अर्ज सोमवारी टाकतो. उत्तर आलं की इथेच टाकीन.

आणि हो, कुणाच्या घरी जुना आकाश-२ पडून असेल तर मेसेज करा. चार्जर नसला तरी चालेल. गुरुजींना दाखवायचाय.