राजुऱ्याचे परगावचे परीक्षक

राजुऱ्याच्या विद्यार्थ्यांचे मोजमाप पिढ्यान्‌पिढ्या बाहेरूनच झाले. 1948पर्यंत हा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. कारभार उर्दूत आणि शिक्षणाची सूत्रे हैदराबादेत. 1956च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, 1959मध्ये चांद्याला (आताच्या चंद्रपूरला) आला. कॉलेजचे पेपर पुढे नागपूर विद्यापीठ काढी. 2011पासून ते काम गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे आले. जिल्हे बदलले, परीक्षक परगावचाच राहिला.

वेगळा विचार शेजारच्याच वर्ध्यात झाला होता. 1937च्या शिक्षण परिषदेतून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि तिने रूढ परीक्षापद्धतीवर कडक टीका केली. पण राजुरा तेव्हा संस्थानी हद्दीत होता.

विद्यार्थ्याने स्वतःचे काम जोखावे, ही गोष्ट सरकारी चौकटीत आली ती 20 ऑगस्ट 2010च्या शासन निर्णयाने. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ‘प्रकल्प’ हे स्वतंत्र साधन झाले. स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन आणि गटकार्य मात्र ‘इतर’ या शेवटच्या कप्प्यात गेले. जागा मिळाली, तीही अडगळीची.

याउलट, 1993पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलांचे गटप्रकल्प बाहेरचे तज्ज्ञ तपासतात. मुलांच्या आणि तज्ज्ञांच्या नजरांना वेगवेगळे दिसते. भूजलातले फ्लोराइड हा चंद्रपूर जिल्ह्यातला ओळखीचा प्रश्न. समजा, त्यावरच्या एखाद्या शालेय गटप्रकल्पाच्या फाइलवर पाच नावे आहेत. उन्हात बोअरवेल ते बोअरवेल फिरून बाटल्या कोणी भरल्या आणि नुसते नाव कोणाचे, हे पाचही जणांना पक्के ठाऊक असते. परीक्षकाला फक्त चुरूचुरू बोलणारा दिसतो. पण एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून वर्षभराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे परीक्षकाला लगेच कळते, मुलांना नाही. म्हणून मेहनतीच्या वाटपाबद्दल गटाला विचारावे, निष्कर्षाबद्दल तज्ज्ञाला. दोघांच्या गुणांची सरासरी काढली तर दोन्हींकडची माहिती वाया जाते.

मुले स्वतःला सढळ हाताने गुण देतात, हा शिक्षकांचा नेहमीचा आक्षेप. तो निम्माच खरा आहे. फाल्चिकोव्ह आणि बाउड या संशोधकांनी 1989मध्ये उच्च शिक्षणातले अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकांच्या गुणांशी अधिक जुळलेले आढळले. म्हणजे जोखणे सरावाने येते, आणि निकष आधी सांगावे लागतात.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाच्या शेऱ्याशेजारी विद्यार्थ्याचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही प्रगतिपत्रकात मागितले आहे. दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत मात्र त्यासाठी रकाना नाही.