सतरा जणांचे डोळे

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या दुकानात 'साठ वॅटचा बल्ब' असं कोणी मागत नसे. 'साठ कँडलचा द्या' म्हणायचे. देवघरासाठी 'झिरोचा'. ही कँडल कुठून आली याचा विचार कोणी केला नाही, आणि करायची गरजही नव्हती. गंमत म्हणजे ते फारसं चूक नव्हतं. ६० वॅटचा साधा बल्ब साधारण ७०० लुमेन उजेड देतो. तो सगळ्या दिशांना सारखा वाटला तर सुमारे ५५ मेणबत्त्या होतात!

ही मेणबत्ती मला पुन्हा भेटली ती इथे, इंग्लंडमध्ये, डॉक्टरेट करताना. माझं काम एलईडीचं. लोकांना वाटतं की आम्ही दिवसभर नवे एलईडी शोधून काढतो. प्रत्यक्षात नोकरीतला बराच वेळ जातो तो निवडण्यात. हजारो प्रकारांतून या जिन्याला, त्या रस्त्याला नेमका कुठला दाणा घ्यायचा? एका दाण्याची डेटाशीट पंधरा-वीस पानांची असते. नवीन मुलं पहिल्या पानावरचा 'लुमेन प्रति वॅट' हा आकडा बघतात आणि पुढचं वाचतच नाहीत. त्या पुढच्या पानांवरच्या आकड्यांना इतिहास आहे, त्यातला बराचसा याच देशात घडलेला. तो माहीत असला की निवड वेगळी होते, असं माझं मत आहे.

तर आधी मेणबत्ती. लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे लागले. पुढे गॅस कंपन्या वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. पैसे घेतात तेवढेच आणि उजेड देतात कमी! भांडण मिटवायचं तर उजेडाला काहीतरी माप हवं. १८६० च्या महानगर गॅस कायद्याने ते दिलं. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची मेणबत्ती, एका पाउंडात सहा बसतील एवढी, तासाला १२० ग्रेन म्हणजे पावणेआठ ग्रॅम मेण जाळणारी. गॅसच्या ज्योतीचा उजेड अशा किती मेणबत्त्यांइतका भरतो ते कंपनीला दाखवावं लागे. म्हणजे हे माप ग्राहकाच्या संरक्षणासाठी कायद्यात आलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवरही गॅसचे दिवे लागले. आजच्या 'कॅन्डेला'ची व्याख्या प्रकाशाच्या कंपनसंख्येवरून केली जाते, पण तिचं मूल्य त्या जुन्या मेणबत्तीच्या आसपासच ठेवलेलं आहे.

एलईडीची सुरुवातही एका इंग्रजाच्या हातून झाली. हेन्री राउंड हा मार्कोनीचा साहाय्यक. रेडिओसाठी कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावायच्या दगडात असतो त्या पदार्थाच्या, स्फटिकांची तपासणी करताना त्याला दिसलं की १० व्होल्ट दिले की स्फटिक पिवळसर चमकतो. १९०७ साली त्याने एका अमेरिकन नियतकालिकात दोन परिच्छेदांचं पत्र छापलं आणि तो आपल्या रेडिओकडे परतला. निळा एलईडी कामाचा व्हायला १९९३ उजाडावं लागलं. त्याबद्दलचं नोबेल २०१४ साली अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, हे बहुतेकांनी वाचलं असेल.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. निळ्या चकतीवर पिवळसर फॉस्फरचा लेप देतात, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. आता हा लेप प्रत्येक दाण्यावर अगदी सारखा बसत नाही. एकाच कारखान्यातले, एकाच दिवसाचे दाणेही थोडे वेगळे निघतात. म्हणून आंबे जसे प्रतवारी करून पेटीत भरतात तसे दाणे मोजून वेगवेगळ्या 'बिन'मध्ये टाकतात. ती प्रतवारी होते रंगांच्या एका नकाशावर, आणि तो नकाशा आहे १९३१ सालचा.

तो कसा तयार झाला? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डेव्हिड राइट नावाचा विशीतला तरुण आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड, असे दोघं स्वतंत्रपणे एकच प्रयोग करत होते. अंधारात एक लहानसं उजळलेलं वर्तुळ. त्याच्या एका बाजूला ठरावीक रंग, दुसऱ्या बाजूला लाल, हिरवा, निळा यांचं मिश्रण. बघणाऱ्याने तीन बटणं फिरवत राहायचं, मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत. राइटने १० जण बसवले, गिल्डने ७. दोघांची उपकरणं वेगळी, पण आकडे आश्चर्य वाटावं इतके जुळले. सप्टेंबर १९३१ मध्ये केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत त्या १७ जणांच्या सरासरीला 'प्रमाण निरीक्षक' म्हणून मान्यता मिळाली. आज शेन्झेनमध्ये निघालेला दाणा कुठल्या बिनमध्ये जाईल हे या सतरा जणांच्या डोळ्यांनी ठरतं.

त्यात आणखी एक. ते वर्तुळ २ अंशांचं होतं. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहिलं तर दिसतं तेवढंच. आणि आपण दिव्याने उजळतो ती अख्खी भिंत!

याचा अनुभव मला एका केअर होममध्ये आला. लांबलचक मार्गिकेतले अर्धे दिवे आधी बदललेले, उरलेले नंतर दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतलेले. कागदावर दोन्ही ४००० केल्विन, दोन्ही सीआरआय ८०, दोन्ही एकाच बिनमधले. पण तिथल्या परिचारिका म्हणत, एक बाजू गुलाबी दिसते आणि दुसरी हिरवट. मीटर म्हणे दोन्ही सारखे. दुरुस्तीवाल्याला काही फरक दिसेना, त्यामुळे त्या बायकांना उगाच भ्रम झाल्यासारखं बोललं जात होतं. वर्णपट काढल्यावर उलगडा झाला. दोन्हीकडच्या निळ्या चकत्यांच्या तरंगलांबीत १० नॅनोमीटरचा फरक होता आणि फॉस्फर वेगळा होता. प्रमाण निरीक्षकाला सारखे दिसणारे हे दोन प्रकाश खऱ्या माणसांना, मोठ्या भिंतीवर, वेगळे दिसू शकतात, आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रमाणात. वयानुसार डोळ्यातलं भिंगही पिवळं पडत जातं.

निविदांमध्ये 'रंगातला फरक ३ पायऱ्यांच्या आत' अशी अट हल्ली सर्रास असते. या पायऱ्या आल्या कोडॅकमधल्या डेव्हिड मॅकअ‍ॅडमच्या १९४२ च्या प्रयोगातून, आणि तो मुख्यतः एकाच माणसाच्या डोळ्यांवर झाला होता. अट उपयोगी आहेच, मीही ती घालतो. पण तेवढ्यावर विसंबून समोरच्या माणसाला खोटं पाडू नये.

तिथे आम्ही सगळे दिवे एकाच पुरवठादाराकडून, एकाच खेपेचे घेतले आणि सीआरआय ९० चे घेतले. सीआरआय म्हणजे ठरावीक ८ फिकट रंग किती खरे दिसतात त्याची सरासरी. त्या आठांत गडद लाल नाहीच, तो नववा, वेगळा मोजायचा. सीआरआय ८० च्या दिव्याचा हा नववा आकडा शून्याजवळ असू शकतो. जिथे म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पांढरा पडलाय की नाही हे मार्गिकेतून जाता जाता ओळखायचं, तिथे असा दिवा कशाला? ९० च्या दिव्यात त्याच विजेत दहा-पंधरा टक्के उजेड कमी मिळतो. व्यवस्थापक बाईंनी वर्षाच्या बिलातला फरक विचारला, आकडा ऐकला आणि लगेच होकार दिला.

फक्त लुमेन प्रति वॅट बघून निवड केली तर काय होतं याचंही उदाहरण इथेच आहे. क्रॉयडनच्या पर्ली वेवर १९३२ साली सोडियमचे दिवे लागले आणि पुढे अर्धा ब्रिटन त्या केशरी उजेडात न्हाला. कार्यक्षमता इतकी की एलईडीला तिथे पोचायला कैक वर्षं लागली. पण प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरचा. लाल गाडी आणि निळी गाडी दोन्ही मातकट. आपटून आलेल्या गाडीचा रंग साक्षीदाराने सांगायचा कसा?

आपल्याकडे सरकारी 'उजाला' योजनेत एलईडी बल्बची खरेदी किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. हे काम मोठंच झालं. आता घरून फोन येतात ते 'नऊ वॅटचा घेऊ की बाराचा' असे. वॅट म्हणजे वीज किती खाणार एवढंच. लुमेन किती, केल्विन किती, सीआरआय किती हे खोक्यावर बघा, नसेल तर दुकानदाराला विचारा. आणि बंद काचेच्या हंडीत घालणार असाल तर तेही आधी सांगा. आत उष्णता कोंडली की बहुतेक वेळा एलईडी शाबूत राहतो आणि आधी जातो तो त्याच्या सर्किटमधला कपॅसिटर.